टी-रेक्स ४५० एसई व्ही-२ : हॉवर शिकणाऱ्यासाठी योग्य हेलिकॉप्टर, जुळणी मात्र त्याच्या बेताने हवी

अलाइन कंपनीचे टी-रेक्स ४५० एसई व्ही-२ हे रिमोटवर चालणारे हेलिकॉप्टर मी सुट्या भागांपासून जोडले आणि हॉवर करायला, म्हणजे यंत्र हवेत एका जागी स्थिर धरायला, मी त्याच्यावरच शिकलो. हा अभिप्राय त्या अनुभवातून लिहिला आहे. हवेत उलटसुलट कसरती करणाऱ्याला हे यंत्र कसे वाटेल, हा माझा विषय नाही. ज्याच्या बोटांना अजून ट्रान्समीटरच्या दोन दांड्यांची नीट ओळखही झालेली नाही, त्याने हे यंत्र घ्यावे का आणि घेतल्यास त्याचा सेटअप कसा करावा, एवढाच प्रश्न मी विचारात घेतला आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. यंत्र उत्तम आहे आणि शिकाऊ माणसाला ते घ्यायला मी सांगेन. मात्र कसरतीसाठी जे आकडे प्रचलित आहेत ते जसेच्या तसे भरले, तर हेच यंत्र नवख्याच्या हाती पहिल्या बॅटरीतच मोडते.

आधी यंत्राविषयी थोडे. मुख्य रोटरचा व्यास सुमारे ७०० मिमी, पाती ३२५ मिमी लांबीची आणि उडतानाचे वजन पाऊण किलोच्या आसपास आहे. बॅटरी तीन सेलची, ११.१ व्होल्टची, २२०० मिलिअँपिअर-तास क्षमतेची लागते. सांगाडा कार्बन फायबरचा, रोटर हेड धातूचे आणि शेपटीचा रोटर दातेरी पट्ट्यावर चालणारा आहे. स्वॉशप्लेट, म्हणजे दांडीच्या आज्ञा फिरत्या पात्यांपर्यंत पोहोचवणारी मुख्य रोटरखालची चकती, तीन सर्व्होंवर (आज्ञेनुसार भुजा हलवणाऱ्या छोट्या मोटरींवर) तोललेली असून ते सर्व्हो तिला १२० अंशांच्या अंतराने जोडलेले असतात. शिकण्यासाठी खरे तर याहून मोठे यंत्र अधिक सोपे, कारण रोटर जितका मोठा आणि जड तितका तो हाताच्या चुकीला सावकाश प्रतिसाद देतो, आणि वाऱ्याची झुळूकही त्याला कमी हलवते. तरीही मी ४५० वर्ग निवडला. मोठे यंत्र पडले की नुकसान मोठे होते आणि त्याच्या पात्यांचा धोकाही मोठा असतो. धोका लहान यंत्रातही कमी समजू नये. रोटर मिनिटाला २१०० फेरे घेत असताना ३५० मिमी अंतरावरच्या पात्याच्या टोकाचा वेग ताशी पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास असतो. हा आकडा ज्याने एकदा स्वतः मांडून पाहिला, तो चालू रोटरजवळ हात नेत नाही.

या यंत्राआधी माझ्याकडे त्याच आकाराचे दुसरे एक हेलिकॉप्टर होते. एका विक्रेत्याने ते 'उडवण्यास तयार' म्हणून दिले होते आणि त्या शब्दांवर विसंबून मी ते तसेच मैदानावर नेले. जमीन सोडताच ते मागे आणि डावीकडे झेपावत असे. ट्रान्समीटरवरचे ट्रिम, म्हणजे दांडी मध्यावर असतानाही किंचित भरपाई देणाऱ्या कळी, टोकापर्यंत सरकवूनही ते आवरेना आणि तिसऱ्या बॅटरीला ते आडवे होऊन मोडले. दोष माझ्या हाताचा असणार असे मी धरून चाललो होतो. पुढे ते उघडून मोजले तेव्हा दिसले की दांड्या मध्यावर असताना स्वॉशप्लेट डोळ्यांना कळेल इतकी मागे कललेली होती, पात्यांचा कोन दोन्ही बाजूंना १२ अंशांपर्यंत जात होता आणि शेपटीचा सर्व्हो एका टोकाला अडकत होता. असे यंत्र अनुभवी माणूस सवयीने सांभाळून नेतो. शिकणाऱ्याला मात्र आपली चूक कोणती आणि यंत्राची कोणती हे वेगळे करताच येत नाही, आणि जे वेगळे करता येत नाही ते सुधारताही येत नाही. म्हणूनच दुसऱ्या वेळी मी जोडणी स्वतः करायची ठरवली, आणि टी-रेक्सचा संच त्यासाठी फार सोयीचा ठरला, कारण त्याचा प्रत्येक भाग उघडता, मोजता आणि पुन्हा बसवता येतो.

जोडणीत सर्वाधिक वेळ स्क्रूंना द्यावा लागतो. धातूत बसणारा प्रत्येक स्क्रू पुसून, त्यावर थ्रेडलॉकचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या द्रवाचा) लहानसा थेंब लावून बसवावा. प्लास्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूंना तो लावू नये, कारण काही प्रकारच्या प्लास्टिकला त्याने तडे जातात. रोटर हेडसारखे जे भाग आधीच जुळवून आलेले असतात तेही मी पूर्ण सुटे करून पुन्हा बसवले. त्यात काही बिघडलेले होते म्हणून नव्हे. आपण स्वतः न आवळलेल्या स्क्रूवर डोक्याएवढ्या उंचीवर फिरणारे पाते सोपवू नये, एवढेच कारण. मोटरच्या छोट्या दातेरी चाकाचे मुख्य गिअरशी अंतर ठरवताना दोघांमध्ये साध्या कागदाची पट्टी घालून ती नीट चुरगळेल इतके जवळ आणावे आणि मग मोटर आवळून पट्टी काढून घ्यावी. अंतर कमी राहिले तर मोटर तापते आणि जास्त राहिले तर प्लास्टिकच्या गिअरचे दाते झिजतात. शेपटीचा पट्टा नळीतून ओवताना तो ९० अंशांत पिळावा लागतो. पिळण्याची दिशा चुकली तर शेपटीचा रोटर उलटा फिरतो, म्हणून हाताने मुख्य रोटर फिरवून हे लगेच पाहून घ्यावे. प्लास्टिकच्या बॉल लिंक, म्हणजे जोडकाड्यांची टोके, धातूच्या गोळीवर घट्ट बसत असतील तर त्या किंचित सैल कराव्यात. लिंक आपल्या वजनाने खाली पडेल इतकी सहज हलली पाहिजे, पण तिच्यात खुळखुळ जाणवता कामा नये.

आता स्वॉशप्लेट. सगळ्या सेटअपचा पाया इथे आहे आणि ज्याने इथे घाई केली त्याला पुढे प्रत्येक टप्प्यावर तीच चूक वेगवेगळ्या रूपांत भेटत राहते. पहिली गोष्ट म्हणजे मोटरच्या तीन तारांपैकी दोन सोडवून ठेवाव्यात, म्हणजे टेबलावर चुकूनही रोटर फिरणार नाही. ट्रान्समीटरमध्ये हेलिकॉप्टरचा १२० अंशांचा प्रकार निवडून, सगळे ट्रिम शून्यावर आणून, पिच कर्व्ह, म्हणजे दांडीच्या कोणत्या जागी पात्यांचा कोन किती हे ठरवणारा आलेख, सरळ रेषेत ठेवून तो कोन बदलणारी दांडी बरोबर मध्यावर आणावी. त्या स्थितीत तिन्ही सर्व्होंच्या भुजा त्यांच्या लिंकशी काटकोनात असायला हव्यात. भुजा सर्व्होच्या दात्यांवर एकेक दाता सरकवून शक्य तितकी काटकोनाजवळ आणावी आणि उरलेला किंचित फरक सब-ट्रिमने, म्हणजे ट्रान्समीटरमधून त्या सर्व्होचा मध्य सरकवून, काढावा. सब-ट्रिमनेच सगळे काम करायला गेल्यास सर्व्होचा प्रवास दोन्ही बाजूंना असमान होतो, आणि मग दांडी वर नेताना स्वॉशप्लेट सरळ न चढता कलत चढते. भुजा बसल्यावर लिंकची लांबी फेऱ्याफेऱ्याने कमीजास्त करून स्वॉशप्लेट रोटरच्या उभ्या मुख्य दांड्याला काटकोनात आणावी, आणि नंतर दांडी तळापासून टोकापर्यंत हळू नेत ती वाटेत कुठे झुकते का, हे खाली वाकून डोळ्यांच्या रेषेत पाहावे. मी या एका कामाला पूर्ण एक संध्याकाळ दिली. माझ्या पहिल्या हॉवरमध्ये यंत्राने ट्रिमचे जेमतेम दोन-तीन टिचके मागितले, यामागे तीच संध्याकाळ आहे.

स्वॉशप्लेट मध्यावर असताना पात्यांचा कोन शून्य यायला हवा. तो पिच गेजने मोजावा. फ्लायबार, म्हणजे पात्यांना आडवा बसलेला आणि टोकांना लहान पॅडल असलेला गज, जमिनीला समांतर धरून गेजचा माथा त्याच्याशी जुळवला की वाचन विश्वसनीय मिळते. यांत्रिक जुळणी अशी शून्याभोवती सममित झाली, की मग शिकणाऱ्याचा पिच कर्व्ह ट्रान्समीटरमध्ये भरावा. मी दांडी पूर्ण खाली असताना उणे २ अंश, मध्यावर अधिक ५ अंश आणि पूर्ण वर अधिक ९ अंश ठेवले. यामागची कारणे समजून घेण्यासारखी आहेत. नवखा माणूस घाबरला की दांडी झटक्याने खाली ओढतो. तिथे उणे १० अंश असतील तर यंत्र जमिनीवर आपटते, आणि लवलेले पाते शेपटीची नळी कापण्याचीही भीती असते. उलट खाली शून्याच्या वरचाच कोन ठेवला तर जरा वारा असताना यंत्र खाली उतरायलाच तयार होत नाही आणि जमिनीवर टेकल्यावरही हलके राहून घसरते. उणे २ ते उणे ३ अंशांत ते निश्चित उतरते आणि टेकल्यावर टेकलेले राहते. मध्यावर ५ अंश ठेवल्याने हॉवर दांडीच्या मध्यावर येते, म्हणजे वर आणि खाली दोन्हीकडे बोटांना सारखी जागा मिळते. वरचे ९ अंश पुरेसे आहेत. त्याहून जास्त कोन दिला तर मोटरवर भार येऊन रोटरचा वेग नेमका संकटाच्या क्षणी खाली येतो.

रोटरच्या वेगाबद्दल एक गैरसमज सर्वत्र आढळतो. यंत्र हळू फिरवले की ते शांत होईल असे नवख्याला वाटते, आणि मलाही तसेच वाटले होते. प्रत्यक्षात वेग फार कमी केला की रोटरची स्थिरता जाते, शेपटीची ताकद घटते आणि यंत्र डोलू लागते. माझ्या संचातील मोटर दर व्होल्टला ३५५० फेरे घेणारी आहे; ११.१ व्होल्टला तिचे फेरे सुमारे ३९,४०० होतात. मोटरच्या चाकाला ११ दाते आणि मुख्य गिअरला १५० दाते असल्याने वेग १३.६४ पटींनी कमी होतो, म्हणजे रोटरचा कागदावरचा कमाल वेग मिनिटाला सुमारे २९०० फेरे येतो. भाराखाली तो एवढा कधीच मिळत नाही. हॉवर शिकण्यासाठी २००० ते २२०० फेरे मला सर्वांत योग्य वाटले, आणि ते प्रकाशावर चालणाऱ्या टॅकोमीटरने मोजून मी थ्रॉटल कर्व्हचा, म्हणजे दांडीच्या जागेनुसार मोटरची ताकद ठरवणाऱ्या आलेखाचा, मधला भाग ठरवला. कर्व्ह शून्यापासून लवकर वर चढून मध्यापासून पुढे जवळजवळ सपाट ठेवला, म्हणजे हॉवरच्या आसपास दांडी हलली तरी वेग फारसा बदलत नाही आणि उंची फक्त पात्यांच्या कोनाने बदलते. मोटर चालवणाऱ्या स्पीड कंट्रोलरमध्ये सौम्य सुरुवात चालू आणि ब्रेक बंद असावा. कसरतीचा फ्लाइट मोड, ज्यात दांडी खाली असतानाही मोटर पूर्ण वेगात फिरते, तो ट्रान्समीटरमध्ये निष्क्रियच करावा, म्हणजे बोट चुकून त्या कळीवर गेले तरी काही घडणार नाही. थ्रॉटल होल्डची, म्हणजे मोटर तत्काळ बंद करणारी, कळ मात्र आठवणीने लावावी. यंत्र कलंडू लागताच ती ओढण्याची सवय बोटांना लागली की निम्मे भाग वाचतात.

या यंत्राचे मला सर्वांत आवडलेले अंग म्हणजे त्याचा फ्लायबार. आजकाल इलेक्ट्रॉनिक स्थिरता असलेली, फ्लायबार नसलेली हेलिकॉप्टरेच अधिक दिसतात, आणि त्यांचे फायदे मला मान्य आहेत. फ्लायबारमध्ये मात्र यंत्र स्थिर का राहते हे डोळ्यांना दिसते आणि ती स्थिरता हाताने कमीजास्त करता येते. मागे जाऊन पाहिले तर या लहानशा गजात खऱ्या हेलिकॉप्टरांच्या दोन कल्पना एकत्र आल्या आहेत. आर्थर यंग यांनी वजनी स्थिरक गज विकसित केला, जो १९४६ साली नागरी वापराचे प्रमाणपत्र मिळालेल्या, बेल कंपनीच्या बेल ४७ या हेलिकॉप्टरवर दिसतो. स्टॅन्ली हिलर यांनी त्याऐवजी रोटरला लहान पॅडल जोडून, वैमानिकाची आज्ञा आधी पॅडलना आणि पॅडलमार्फत मोठ्या पात्यांना देण्याची पद्धत आणली. आपल्या रिमोटच्या हेलिकॉप्टरात दांडीची आज्ञा काही अंशी थेट पात्याला आणि काही अंशी पॅडलमार्फत जाते, आणि या दोन वाटा जिथे एकत्र येतात त्या लहान भुजांना मिक्सिंग आर्म म्हणतात. थेट वाटा जास्त असेल तर यंत्र चपळ होते आणि पॅडलचा वाटा जास्त असेल तर ते शांत राहते. फ्लायबार स्वतःच्या फिरण्याची पातळी सोडायला तयार नसतो, म्हणून झुळुकीने यंत्र कलले तरी तो पात्यांना जुन्या पातळीकडे ओढत राहतो. शिकणाऱ्याला हवा असतो तो विचार करायला लागणारा अर्धा सेकंद, आणि तो इथून मिळतो.

तो अर्धा सेकंद वाढवण्याचा सोपा उपाय म्हणजे फ्लायबारच्या गजावर बसणारी, कड्यासारखी छोटी वजने. ती मी दोन्ही बाजूंना पॅडलच्या जवळ, केंद्रापासून अगदी सारख्या अंतरावर लावली. बाहेर सरकवली की यंत्र अधिक शांत होते, आत सरकवली की चपळ होते. वजने लावण्याआधीचे यंत्र आणि नंतरचे यंत्र यांत मला जो फरक जाणवला, तो ट्रान्समीटरमधल्या कोणत्याही आकड्याने साधला नव्हता. याच्या जोडीला मी सायक्लिकचा, म्हणजे यंत्र पुढे-मागे आणि बाजूंना कलवणाऱ्या आज्ञेचा, प्रवास साधारण दोन-तृतीयांशावर आणला आणि त्याला सुमारे २५ टक्के एक्स्पोनेन्शियल दिले, जेणेकरून दांडीच्या मध्याजवळची हालचाल सौम्य राहावी. प्रवास याहून कमी करू नये, कारण यंत्र वाऱ्याने वाहू लागले तर त्याला थांबवण्याइतकी ताकद दांडीत उरली पाहिजे. फ्लायबार बसवताना त्याच्या दोन्ही बाजूंची लांबी मोजपट्टीने तपासावी आणि दोन्ही पॅडल परस्परांशी व फ्लायबारच्या चौकटीशी समांतर ठेवावीत. एक पॅडल किंचित वळलेले असले तरी रोटर थरथरतो आणि कारण सापडायला दिवस जातात.

शेपटीकडे वळू. मी फुताबा कंपनीचा जीवाय-४०१ हा जायरो, म्हणजे शेपटीचे नकोसे वळण ओळखून त्याची भरपाई करणारे उपकरण, वापरला, ज्यात साधा आणि दिशा धरून ठेवणारा, असे दोन प्रकार आहेत. त्याच्यावर डिजिटल सर्व्होसाठी एक लहान कळ असते. ती चालू ठेवून साधा ॲनालॉग सर्व्हो जोडला तर सर्व्हो जळतो, म्हणून जोडण्यापूर्वी ती पाहावी. शेपटीची जुळणी आधी साध्या प्रकारात करावी. सर्व्होची भुजा काटकोनात आणि शेपटीचा सरकणारा भाग मध्याच्या थोडा पलीकडे, रोटरची पीळ पेलण्याइतका कोन देणारा, असा ठेवून साध्या प्रकारात हॉवर करावे आणि शेपूट फिरत असेल तर ट्रिमने नव्हे, लिंकची लांबी बदलून ती थांबवावी. त्यानंतर दिशा धरणारा प्रकार लावला की जायरोला उगीच झगडावे लागत नाही. जायरोची भरपाईची दिशा मात्र मोटर जोडण्याआधी तपासलीच पाहिजे. रडरची, म्हणजे शेपूट वळवणारी, दांडी उजवीकडे नेली असता शेपटीचा सरकणारा भाग कोणत्या बाजूला जातो ते लक्षात ठेवावे, मग यंत्र हातात धरून त्याचे नाक झटकन डावीकडे वळवावे. सरकणारा भाग त्याच बाजूला जायला हवा. तो उलट गेला तर यंत्र उचलताच भोवऱ्यासारखे फिरेल आणि ते आवरण्याची संधीच मिळणार नाही. जायरोची तीव्रता शेपूट वळवळू लागेपर्यंत वाढवून मग थोडी खाली आणावी. आणखी एक बारीक बाब म्हणजे, दिशा धरणारा प्रकार चालू असताना यंत्र हातात घेऊन जागेवर नेले की जायरो त्या वळणांची भरपाई साठवून शेपटीची पाती एका टोकाला नेऊन ठेवतो, म्हणून रोटर फिरवण्यापूर्वी शेपूट मध्यावर आहे ना, याकडे एक नजर टाकावी.

समतोल पाहण्यासाठी फ्लायबार शेपटीच्या नळीला आडवा करून दोन्ही बाजूंनी हेडजवळ बोटांवर उचलावा. यंत्राच्या घसरपट्ट्या जमिनीला समांतर राहिल्या पाहिजेत. नाक खाली जात असेल तर बॅटरी मागे घ्यावी आणि वर जात असेल तर पुढे. पात्यांचे वजनही एकमेकांशी जुळवून घ्यावे लागते. पात्यांची वाट एकच आहे का हे पाहण्यासाठी एका पात्याच्या टोकाला रंगीत चिकटपट्टी लावावी, तेवढ्याच वजनाची वेगळ्या रंगाची पट्टी दुसऱ्याला लावावी, रोटर फिरवून काही मीटर अंतरावरून पात्यांच्या रेषेत पाहावे, आणि वरून फिरणाऱ्या पात्याची लिंक अर्ध्या फेऱ्याने बदलून त्याचा कोन कमी करावा. हे पाहणे दुसऱ्या माणसाकडे सोपवू नये आणि जवळूनही करू नये. सुरुवातीला कार्बनची पाती बाजूला ठेवून लाकडाची लावावीत. ती जमिनीला लागताच तुटतात आणि तुटताना आघात स्वतःत जिरवतात. कार्बनचे मजबूत पाते तोच आघात रोटर हेडकडे आणि मुख्य दांड्याकडे पोहोचवते.

शिकाऊ पाय, म्हणजे घसरपट्ट्यांखाली आडव्या बांधलेल्या दोन लांब काड्या आणि त्यांच्या टोकांना हलके चेंडू, मला अपरिहार्य वाटतात. काड्यांचा विस्तार रोटरच्या व्यासाइतका, म्हणजे ६५ ते ७० सेंमी असावा, आणि त्या प्लास्टिकच्या टायने बांधाव्यात, म्हणजे जोराचा आघात बसल्यास टाय तुटेल, घसरपट्टी वाचेल. चेंडू गोल असल्यामुळे यंत्र गवतात अडकून कलंडण्याऐवजी घसरत जाते. मात्र या पायांना वजन आहे आणि हवेचा अडथळाही, त्यामुळे ते काढल्यावर यंत्र अधिक चपळ वाटते. त्या दिवशी दुसरा कोणताही बदल करू नये.

पहिल्या उड्डाणांत यंत्र कसे वागते हे आधीच माहीत असले तर पुष्कळ भीती जाते. या यंत्राचा रोटर वरून पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो. त्याची पीळ रोखण्यासाठी शेपटीचा रोटर शेपटीला डावीकडे ढकलतो, आणि त्या ढकलण्याने सगळे यंत्रच डावीकडे सरकू पाहते. म्हणून एका जागी राहण्यासाठी त्याला किंचित उजवीकडे कलावे लागते. उचलताना डावी घसरपट्टी आधी सुटते आणि उतरताना उजवी आधी टेकते. हा जुळणीतला दोष समजून मी एक पूर्ण दिवस स्वॉशप्लेट पुन्हा मोजण्यात घालवला होता, आणि तिच्यात काहीच चुकलेले नव्हते. दुसरी गोष्ट जमिनीलगतच्या हवेची. रोटरने खाली ढकललेली हवा जमिनीवर आपटून पसरते, आणि १०-१५ सेंमी उंचीवर यंत्र त्या हवेत तेलावर ठेवल्यासारखे घसरत राहते. बरेच जण धोका कमी म्हणून तिथेच थांबू पाहतात. पण रोटरच्या व्यासाइतक्या उंचीवर गेले की हेच यंत्र आश्चर्य वाटावे इतके शांत होते. यंत्राच्या मागे चार-पाच मीटरवर, शेपूट आपल्याकडे करून उभे राहावे, नजर शेपटीवर न ठेवता नाकावर ठेवावी, आणि वारा नसलेली सकाळ निवडावी. त्याआधी संगणकावरच्या सिम्युलेटरवर काही तास घालवलेच पाहिजेत, कारण दांडी कोणत्या दिशेला न्यायची हे डोक्याने ठरवावे लागत असेपर्यंत खरे यंत्र सांभाळता येत नाही.

बॅटरीबाबत थोडक्यात. प्रत्येक सेल ४.२ व्होल्टच्या वर नेऊ नये आणि ३ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नये. २२०० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीला २.२ अँपिअरने, सेलचा समतोल राखणाऱ्या चार्जरवर, आपण समोर असताना भरावे, आणि काही दिवस उडवायचे नसेल तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवावा. ट्रान्समीटरचा गजर मी ५ मिनिटांवर लावला आहे. तेवढ्यात बॅटरीत शिल्लक उरते, आणि शिकताना त्याहून अधिक वेळ लक्ष टिकतही नाही.

यंत्र पडणारच आहे, म्हणून पडल्यावर ते कसे वागते हाही अभिप्रायाचा भाग आहे. माझ्याकडून ते शिकण्याच्या काळात चार वेळा पडले. दर वेळी पाती गेली, दोनदा पात्यांना आधार देणारा फेदरिंग शाफ्ट वाकला, एकदा मुख्य गिअरचे दाते उडाले आणि एकदा शेपटीची नळी मोडली. सांगाडा आणि हेडचे धातूचे भाग मात्र चारही वेळा सरळ राहिले. फेदरिंग शाफ्ट वाकला आहे का हे नुसत्या नजरेला कळत नाही. तो काढून काचेवर लोळवावा, आणि शंका राहिली तरी बदलावा. या आराखड्याचे भाग अनेक उत्पादक बनवत आले आहेत, ही शिकणाऱ्याच्या दृष्टीने मोठी जमेची बाजू आहे, कारण एका शाफ्टवाचून यंत्र महिनाभर पडून राहिले तर हातांना आलेले वळण तेवढ्यात जाते.

ज्याला जोडणीत रस नाही, ज्याला फक्त उडवायचे आहे, त्याला मी हे यंत्र सुचवणार नाही. त्याने इलेक्ट्रॉनिक स्थिरता असलेले, कारखान्यात जुळवलेले यंत्र घ्यावे आणि तरीही स्वॉशप्लेट एकदा मोजून पाहावी. ज्याच्याकडे मोठे मैदान आहे आणि सोबत शिकवणारा माणूस आहे, त्याने ५०० किंवा ६०० वर्गाचा विचार जरूर करावा. एकट्याने, हळूहळू, प्रत्येक भाग समजून घेत शिकणाऱ्याला मात्र टी-रेक्स ४५० एसई व्ही-२ एवढा मोकळेपणाने उलगडणारा संच माझ्या पाहण्यात दुसरा नाही. शेपूट माझ्याकडे असताना मी आता पूर्ण बॅटरी संपेपर्यंत ते एका जागी धरू शकतो, आणि शिकाऊ पाय मी काढले आहेत. यंत्र आडवे धरले, नाक डावीकडे किंवा उजवीकडे ठेवले, की अजूनही ते वाहत जाते. म्हणून फ्लायबारवरची वजने अजून पॅडलच्या जवळच आहेत, आणि दोन्ही बाजूंचे हॉवर जमेपर्यंत ती आत सरकवणार नाही.